हुकूम उशिरा निघाला की अंमल उशिरा झाला?

ताडकळसात बसून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर पोस्ट लिहितोय म्हटल्यावर काही मित्र हसतील. म्हणतील, आधी रस्त्यातले खड्डे बुजवा, गिअरचं मागून बघू. खड्ड्यांवर मी वीस वर्षं बातम्या देतोय, पुढंही देईन. पण आजचा विषयही आपल्याच गावचा आहे. पोस्ट जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

बाजार समितीपाशी अर्धा तास उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघा. दहा-बारा वर्षांपूर्वी क्लच नसलेली गाडी दिसली की समजायचं, पुण्या-मुंबईचे पाहुणे आलेत. आता तसं राहिलं नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत मारुतीनं सेलेरिओ आणली आणि मध्यमवर्गाच्या खिशाला परवडेल अशा गाडीत एएमटी आलं. मग बाकीच्या कंपन्यांनीही आणलं. शहरात पाच-सात वर्षं फिरलेल्या त्या गाड्या आता सेकंडहँड होऊन आपल्याकडं यायला लागल्यात. मास्तर घेतात, डॉक्टर घेतात, गुडघे दुखणारे रिटायर्ड लोक घेतात. गाडी गावात आली. तिची दुरुस्ती मात्र अजून शहरातच राहिलीय. भानगड इथं आहे.

आधी थोडं यंत्राचं समजून घेऊ.

ऑटोमॅटिक म्हणजे सगळं एकच असं नाही. एएमटीमध्ये गिअरबॉक्स आपला जुनाच, हातानं टाकायचा तो. क्लच प्लेटही तीच. फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर ओढणारा हात यंत्राचा. बऱ्याच गाड्यांत बॅटरीवर चालणारी एक छोटी मोटर तेलाचा दाब तयार करते, त्या दाबावर क्लच सुटतो, गिअर पडतो. कधी पडायचा ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. एक्सलेटर किती दाबलाय, गाडीचा वेग किती, इंजिन किती फिरतंय, ब्रेकवर पाय आहे का, हे सगळं सेन्सर त्याला सांगत राहतात आणि तो हुकूम सोडतो.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरवाला. त्यात इंजिनची ताकद तेलातून पुढं जाते, आत छोट्या-छोट्या क्लच प्लेटांच्या चळती असतात. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स विकायला काढला, तेव्हा गिअर कधी बदलायचा हे तेलाचा दाबच ठरवायचा. आता तिथंही कॉम्प्युटर आहे. सोलेनॉइड नावाचे विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह त्याचं ऐकतात आणि हव्या त्या चळतीला तेल सोडतात.

दोन्ही प्रकारांत लोकांची सगळ्यात मोठी तक्रार एकच: "गिअर लेट पडतो." गाडी पहिल्यातच रडत राहते, इंजिन नुसतं रेस होतं, मग कधीतरी झटका देऊन दुसरा पडतो. नाहीतर ‘डी’ला टाकलं तरी गाडी दोन-तीन सेकंद जागची हलत नाही.

यात थोडा उशीर निसर्गाचा आहे, हे आधी कबूल करू. एएमटी गिअर बदलताना क्षणभर मान टाकतेच. क्लच सुटलेला असतो, तेवढा वेळ चाकाला ताकद मिळत नाही. त्या क्षणी एक्सलेटरवरचा पाय किंचित सैल केला की झटका कमी होतो. सकाळी तेल थंड असताना टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी गिअर जरा लांबवते, तेही मुद्दाम, तेल आणि इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून. हा आजार समजू नका. पण कालपर्यंत नव्हता एवढा उशीर आज व्हायला लागला, तर तो आजार.

आता मुख्य प्रश्न. मला तो आमच्याच भागातल्या एका मिस्त्रीनं शिकवला. त्याला मी विचारलं, अशी गाडी आली की तू सुरुवात कुठून करतो? तो म्हणाला, "भाऊ, पहिलं हे बघायचं की कॉम्प्युटरनं ऑर्डरच लेट काढली, का ऑर्डर टायमावर निघाली अन् खाली काम लेट झालं."

मी बघतच राहिलो. तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पाठ आहे. अतिवृष्टीचं अनुदान मिळालं नाही, तर जीआरच निघाला नाही का? की जीआर निघाला, पैसा आला आणि यादीत नाव अडकलं? दोन्हीत शेतकऱ्याच्या खात्यावर शून्यच दिसतं. पण एकीत मुंबईला ओरडावं लागतं, दुसरीत तलाठ्याकडं जावं लागतं. गिअरचंही तसंच. वरून लक्षण एकच, दोष दोन वेगळ्या ठिकाणी.

ऑर्डरच उशिरा निघत असेल तर कॉम्प्युटरला मिळणारी माहिती तपासायची. एक्सलेटरचा सेन्सर पाय हलका असतानाही "जोरात दाबलाय" असं सांगत असेल, तर कॉम्प्युटर गिअर धरून ठेवणार, कारण त्याला वाटतं ड्रायव्हरला पिकअप पाहिजे. वेगाचा सेन्सर चुकत असेल तरी तेच. ब्रेक लाइटचा साधा स्विच बिघडला तर कॉम्प्युटरला ब्रेकवर पाय आहे हे कळतच नाही आणि एएमटी गिअर घेत नाही. शंभर-दोनशेचा स्विच, पण माणूस गिअरबॉक्स गेला म्हणून घाबरतो.

ऑर्डर वेळेवर निघतेय आणि काम उशिरा होतंय, तर खाली उतरायचं. तेल कमी आहे का, गळतंय का, चुकीचं भरलंय का? टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल काळं पडून जळका वास येतोय का? तसं असेल तर आतल्या चळती घासल्यात. सोलेनॉइड कचऱ्यानं अडकतोय का? एएमटी असेल तर दाब तयार करणाऱ्या मोटरला करंट पुरतोय का, आणि क्लच प्लेट किती झिजलीय?

ही दोन टोकं वेगळी कशी ओळखायची? कंपनीच्या दर्जाचा स्कॅनर लावून गाडी चालवायची. स्क्रीनवर दोन आकडे शेजारी-शेजारी दिसतात: कॉम्प्युटरनं मागितलेला गिअर आणि प्रत्यक्ष पडलेला गिअर. मागितलेलाच उशिरा बदलला तर वरचा दोष. मागितलेला बदलला आणि पडलेला मागं राहिला तर खालचा. दहा मिनिटांत दूध का दूध.

आता गुरुजींची गोष्ट ऐका. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, नाव देत नाही. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय क्लच दाबू शकत नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या मोटारसायकलीमागं बसून शाळा केली. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड एएमटी घेतली आणि पंचेचाळिशीत पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीनं घराबाहेर पडायला लागले. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचं तर कुणाला फोन नाही, कुणाची मिनतवारी नाही. "ऑटोमॅटिक म्हणजे चैन" म्हणणाऱ्यांनी या माणसाकडं बघावं.

मागच्या पावसाळ्यानंतर त्यांची गाडी गिअर लेट टाकायला लागली. सिंगणापूर फाट्यावर मोठ्या रस्त्याला लागताना गाडी मधोमध थांबून राहिली आणि समोरून उसाची डबल ट्रॉली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून निभावलं. त्या दिवसापासून गुरुजींनी गाडी घराबाहेर काढली नाही.

शहरातल्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पोरानं लॅपटॉप लावला, कोड आला: दाब कमी. सांगितलं, पूर्ण युनिट बदलावं लागेल. खर्चाचा आकडा गुरुजींच्या महिन्याच्या पगाराच्या पुढं. सुटा पार्ट मिळत नाही म्हणाले. लेखी काय दोष आहे ते द्या म्हटलं, तर ते पण नाही. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला वरून जो तक्ता दिलाय त्यावर तो बोट ठेवत जातो, शेवटच्या चौकोनात "युनिट बदला" लिहिलेलं असतं. पण कोड हा पंचनामा असतो, निकाल नव्हे. "दाब कमी" हे खरंच. दाब कमी *का* झाला, हे कोडमध्ये लिहिलेलं नसतं.

मग गाडी त्या मिस्त्रीकडं आली. त्यानं बोनेट उघडण्याआधी गुरुजींना प्रश्न विचारले, आणि मला माझा पत्रकारितेचा डिप्लोमा आठवला. कोण, काय, कधी, कुठं, का, कसं. त्यानं तेच विचारलं. कधी होतं, थंड असताना की गरम झाल्यावर? कुठल्या गिअरला, सगळ्या की एकाच? चढावर की सपाटीवर? एसी, लाइट चालू असताना जास्त होतं का? यावर गुरुजी थांबले. म्हणाले, हो, पहाटे लाइट लावून निघालो की जास्त.

मिस्त्रीनं मीटर काढला. बॅटरी चांगली निघाली. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट गिअरबॉक्सच्या बॉडीला लावलं आणि गुरुजींना गाडी ‘डी’ला टाकायला सांगितली. मोटर चालू झाली तसा काटा एक व्होल्टच्या आसपास गेला. म्हणाला, "हितं पाव व्होल्टच्या आतच पाहिजे. गिअरबॉक्स गेला नाही सर, ह्याला करंटच पुरंना." अर्थिंगची पट्टी काढली तर खाली हिरवी बुरशी आणि आपल्या भागातली काळी माती. घासून, साफ करून, नट आवळून बसवली. ‘डी’ला टाकताच गाडी सरकली. गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण पहिल्यातून दुसरा अजून जरा लांबत होता. मिस्त्री म्हणाला, प्लेट झिजलीय, पण अजून काम देईल. कॉम्प्युटरच्या डोक्यात मात्र जुनंच माप बसलंय. ते माप त्याला पुन्हा शिकवावं लागतं.

इथं ट्यूनिंगचा विषय येतो. आपल्याकडं ट्यूनिंग म्हणजे कार्बुरेटरचा स्क्रू पिळणं. या गाड्यांत पिळायला स्क्रू नाही. कॉम्प्युटर स्वतःच शिकत असतो: प्रत्येक शिफ्टला किती वेळ लागला हे मोजतो, पुढच्या वेळी दाब थोडा कमी-जास्त करतो. पण त्या शिकण्याला हद्द असते. क्लच बदलला, तेल बदललं, झीज फार झाली, की जुनी मापं पुसून नव्यानं शिकवावी लागतात. एएमटीत क्लच नेमका कुठं पकडतो तो बिंदू स्कॅनरवरून पुन्हा नोंदवतात. मग गाडी मोकळ्या रस्त्यावर हलक्या पायानं, सगळे गिअर पडतील अशी चालवायची, म्हणजे मापं बसतात. हाच तो इलाज. इंटरनेटवरची कसली फाइल टाकून "शिफ्ट फास्ट करून देतो" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. दोष झाकला जातो आणि प्लेट लवकर मरते.

मिस्त्रीकडं स्कॅनर आहे, स्वस्तातला. तो इंजिनचे कोड वाचतो, कारण प्रदूषणाच्या नियमांनी तेवढी माहिती उघडी ठेवायला लावलीय. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचं दार त्याला उघडत नाही. शेवटी गुरुजी नांदेडला एका गॅरेजवाल्याकडं गेले, त्याच्याकडं मोठा स्कॅनर होता. मागितलेला गिअर वेळेवर, पडलेला मागं: मिस्त्रीनं आधीच सांगितलेलं स्क्रीनवर दिसलं. माप शिकवलं, गाडी नीट झाली. पुढच्या वर्षी क्लच प्लेट टाकावी लागेल, तो खर्च रास्तच आहे. सगळं मिळून युनिटच्या किमतीच्या पंधराव्या हिश्शातही काम झालं.

आता तुम्ही म्हणाल, एका गुरुजींची गाडी नीट झाली, मग पोस्ट कशाला? यासाठी की हे नशिबावर झालं. ते ज्यावर व्हायला पाहिजे होतं, तो हुकूम कधीच निघालाय.

२०११ मध्ये एका ग्राहकानं भारतीय स्पर्धा आयोगाकडं तक्रार केली की कार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मिस्त्रींना देत नाहीत. चौकशी झाली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड लावला. सोबत सांगितलं की सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळतील अशी व्यवस्था करा, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली या एका कारणावरून वॉरंटी रद्द करू नका. लक्षात घ्या, पहिली स्वस्त एएमटी आणि हा आदेश, दोन्ही एकाच वर्षातले. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण न्यायाधिकरण आणि हायकोर्टाच्या वाऱ्या करत राहिलं. गाड्या गावात पोचल्या, आदेश पोचला नाही.

मग जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झालं. मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेतीची अवजारं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. चांगलं पाऊल आहे. पण पोर्टलवर माहिती टाकणं आणि मिस्त्रीच्या हातात साधन देणं यात फरक आहे. सक्ती करणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडं नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून गाड्यांसाठी असा कायदा करून घेतला. युरोपात २००७ च्या नियमापासून कंपन्यांना दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना द्यावी लागते, वाजवी फी घेऊन का होईना. फुकट द्या असं कुणीच म्हणत नाही.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण छाती फुगवून म्हणतो. जर्मनीतल्या गल्लीतल्या मिस्त्रीला जे पैसे भरून मिळतं, ते परभणीतल्या मिस्त्रीला पैसे भरूनही सहज मिळत नाही, एवढाच मुद्दा.

आणि हे कारपुरतं राहणार नाही. जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे नवे नियम लागू झालेत, त्यामुळं त्यांच्या इंजिनातही कॉम्प्युटर आलाय. उद्या मृगाचा पाऊस पडला, वापसा झाला आणि ट्रॅक्टर कोड दाखवून उभा राहिला, तर लॅपटॉपवाला यायला चार दिवस लागतील. पेरणी थांबणार का चार दिवस? अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी याच कारणासाठी आरडाओरड केली आणि २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्यानं शेती यंत्रांच्या दुरुस्तीचा कायदा केला. आपण ओरडायला कधी सुरुवात करणार?

माझ्या तीन मागण्या आहेत. तुमच्या असतील तर कमेंटमध्ये जोडा.

एक, आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडमधल्या पोरांना खरा स्कॅनर हाताळायला मिळाला पाहिजे, आणि जुन्या मिस्त्रींसाठी महिन्या-दोन महिन्यांचा वर्ग निघाला पाहिजे. आमच्या मिस्त्रीसारख्या माणसाचं डोकं तयार आहे, साधन नाही.

दोन, आमदार-खासदारांनी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा सभागृहात मागावा. उद्घाटनाच्या बातम्या मी छापतोच, ही बातमी पहिल्या पानावर देईन.

तीन, आपण ग्राहकांनी हिशोब मागायला शिकावं. युनिट बदला म्हटलं की कोड कोणता आला, काय काय तपासलं, हे लेखी मागा. बदललेला जुना पार्ट मागा. पक्कं बिल मागा. बिल न देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानलंय. दाद लागली नाही तर १९१५ वर फोन करा. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडंही करता येते, कंपनीच्या गावाला जायची गरज नाही.

आणि गिअर लेट पडायला लागला तर घाबरून पहिल्याच आकड्याला हो म्हणू नका. कधी, कुठं, कुठल्या गिअरला होतं ते आठवडाभर वहीत लिहा. बॅटरी, अर्थिंग, ब्रेकचा स्विच, तेल एवढं आधी बघून घ्या. मग एकच प्रश्न विचारा: ऑर्डर लेट निघाली, का काम लेट झालं?

गाडीबाबतही विचारा, आणि २०१४ च्या त्या आदेशाबाबतही विचारा. तिथं तर ऑर्डर निघून दशक उलटलं.

पटलं तर पुढं पाठवा. गावातल्या मिस्त्रीला तर नक्की वाचून दाखवा.

#दुरुस्तीचा_हक्क #ताडकळस #परभणी